पहिल्या शतकांतल्या मंडळीत आजारी माणसं कशी बरी व्हायची?

रानजाई

हा धागा का काढला ते आधी सांगते. आम्ही नगरकडचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. आईला सहा वर्षांपासून कंपवात आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका बाईंच्या आग्रहाखातर ती एका रोगमुक्ती सभेला गेली. बाहेरगावाहून आलेल्या प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग म्हणाला, आता गोळ्या घेतल्यास तर तो देवावरचा अविश्वास होईल. आईने आम्हाला कुणाला न सांगता आठ दिवस गोळ्या बंद ठेवल्या. नवव्या दिवशी पहाटे मोरीत पडली, मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आणलं तेव्हा पलंगावर बसता बसता म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला गं."

ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

प्रचारकाचा सगळा भर एका गोष्टीवर होता, पहिल्या मंडळीत, म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजात, असंच व्हायचं. म्हणून मी ठरवलं, पहिल्या मंडळीत काय व्हायचं ते आपणच नीट वाचायचं. सात-आठ महिने वाचते आहे. जे हाती आलं ते मांडते. चुकलं तर सांगा.

नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बरं होण्याच्या कथा भरपूर आहेत. मंदिराच्या सुंदर नावाच्या दाराशी बसलेला जन्मपांगळा, पेत्राची सावली तरी अंगावर पडावी म्हणून रस्त्यात बाजांवर आणून ठेवलेले आजारी, इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी रोग्यांकडे नेणारे लोक, माल्टा बेटावर ताप आणि हगवणीने पडलेला पुब्ल्याचा बाप. हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. पण यावेळी वाचताना मी एकच गोष्ट शोधत होते, बरं होणाऱ्या माणसाचा विश्वास किती होता?

दाराशी बसलेल्या पांगळ्याने बरं कर असं म्हटलंच नव्हतं. त्याला चार पैसे हवे होते. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला, आपल्याला कुणी उठवलं हेसुद्धा माहीत नव्हतं. छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीत येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय, म्हणजे बाज उचलून आणणाऱ्यांचा. आणि मार्कच्या सुवार्तेच्या नवव्या अध्यायातला तो बाप, ज्याच्या पोराला फेफरं यायचं, तो ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाला हात दे. पोरगा बरा होतो. अपुऱ्या विश्वासाचा हिशेब तिथे कुणी मागितला नाही.

मग याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. कुणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. हा उतारा मी शंभरदा ऐकला असेन. यात आजाऱ्याचं काम एवढंच, बोलावणं पाठवणं. यायचं वडिलांनी, त्याच्या घरी. प्रार्थना वडिलांची, म्हणजे विश्वासाची प्रार्थनाही त्यांचीच. कमी पडलाच तर तो आधी त्यांचा पडेल! माझ्या आईवर तो बोजा टाकायचा अधिकार त्या माणसाला कुठून मिळाला?

आणखी एक. जे लगेच बरे झाले नाहीत त्यांचीही नावं नव्या करारातच आहेत. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून पुढे जावं लागलं. तीमथ्याची दुखणी वारंवारची, त्याला सल्ला मिळतो की नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. एपफ्रदीत मरता मरता वाचला. यांच्यापैकी एकालाही कुणी म्हटलं नाही की तुझा विश्वास कमी पडला.

नव्या करारानंतरच्या तीन-चार शतकांबद्दल इथल्या जाणकारांकडून ऐकायचं आहे.

वसईचा_वारा

ताई, आईंना आता कसं आहे? मनगट जुळलं का?

तेलाबद्दल आमच्याकडची गोष्ट सांगतो. माझी आजी फादर तेलाची डबी घेऊन दारात दिसले की रडायला लागायची. तिच्या पिढीत ते "शेवटचं तेल" होतं. तेल आलं म्हणजे मरण आलं. खरं तर सुरुवातीला तसं काहीच नव्हतं. पोप पहिले इनोसंट यांनी इ.स. ४१६ मध्ये गुब्बियोच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात याकोबाचा हाच उतारा घेऊन म्हटलंय की बिशपने आशीर्वादित केलेलं तेल फक्त धर्मगुरूंनीच नव्हे तर सगळ्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या गरजेला वापरावं. म्हणजे तेल घरात असायचं. खोकला-ताप आला की लावायचं. त्याच्याही आधी, चौथ्या शतकात इजिप्तमधल्या थ्मुइसच्या सेरापियोन या बिशपच्या नावाने असलेल्या प्रार्थनासंग्रहात आजाऱ्यांसाठी तेल, पाणी आणि भाकरी यांवर म्हणायच्या प्रार्थना आहेत.

मधल्या काळात हळूहळू ते मरणाच्या उंबरठ्यावरचं संस्कारकर्म झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितलं की याला शेवटचा अभ्यंग म्हणण्यापेक्षा आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणं योग्य. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला. आजीला हे समजावता आलं नाही. ती त्याआधीच गेली होती.

तर्कसंगत

रानजाई, तुमच्या आईंना जे सांगितलं गेलं ते गुन्ह्याच्या जवळ जाणारं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. औषध थांबवायला सांगणाऱ्याला, तो कुठल्याही धर्माचा असो, जाब विचारलाच पाहिजे.

मी श्रद्धावान नाही, पण प्राचीन रोमचा इतिहास माझ्या आवडीचा विषय. म्हणून पुराव्यांबद्दल बोलतो. त्या काळच्या इतर ग्रंथांतही देवदेवता आणि माणसंही रोग बरे करत होती. इ.स. ७० च्या सुमारास अलेक्झांड्रियात व्हेस्पासियन बादशहाने एका आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकी लावली आणि दुसऱ्याच्या लुळ्या हाताला पायाने स्पर्श केला, दोघे बरे झाले, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय. वर तो म्हणतो, खोटं बोलून आता काही मिळण्यासारखं नाही तरी तेव्हा हजर असलेले लोक अजून हेच सांगतात. मार्कच्या सुवार्तेतही थुंकीने डोळे बरे होतात. त्या काळच्या माणसाला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटल्या असणार.

मार्कचा शेवट, जिथे "ते दुखणाइतांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील" असं येतं, तो भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. रोगमुक्ती सभांत नेहमी वापरली जाणारी ओळ म्हणजे नंतर जोडलेला मजकूर आहे, हे लोकांना माहीत असायला हवं.

कृपा_पुरे

मी तुम्ही ज्यांना रोगमुक्तीवाले म्हणता त्याच मंडळीतली आहे. म्हणून थोडं बिचकतच लिहिते.

रानजाईताई, तुमच्या आईंची आमच्या सगळ्यांच्या वतीने क्षमा मागते. आमच्या पाळकांनी कधी कुणाला गोळ्या बंद करायला सांगितलेलं मी ऐकलं नाही. पण देव आजही बरं करतो यावर माझा विश्वास आहे आणि तो वाचून आलेला नाही. माझा भाऊ अकरा वर्षं दारूत होता. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून झालं. एका रात्री चार बाया आमच्या पडवीत बसून पहाटेपर्यंत प्रार्थना करत होत्या. त्या दिवसापासून त्याने घेतलेली नाही, नऊ वर्षं झाली. तुम्ही याला काय म्हणायचं ते म्हणा.

आणि विश्वासाचा काहीच संबंध नाही असं तरी कसं म्हणता? मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या गावी, नासरेथला, गेला तेव्हा लोकांच्या अविश्वासामुळे त्याला तिथे फारसं काही करता आलं नाही, असं लिहिलेलं आहे. बारा वर्षं रक्तस्राव सोसणाऱ्या बाईला तो स्वतः म्हणतो की तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं.

रानजाई

कृपाताई, क्षमा तुम्ही कशाला मागायची. उलट तुम्ही लिहिलंत म्हणून धाग्याला अर्थ आला.

नासरेथचा मुद्दा बरोबर आहे, तो मी टाळला होता. पण तिथे अविश्वास साऱ्या गावाचा होता, खाटेवर पडलेल्या एखाद्या रोग्याचा नव्हे. आणि त्याच ओळीत पुढे म्हटलंय की थोड्या दुखणाइतांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलंच. रक्तस्राव झालेल्या बाईचं म्हणाल तर "तुझ्या विश्वासाने" हे शब्द बरी झाल्यावर कौतुकाने म्हटलेले आहेत. बरं न झालेल्याला उलट्या बाजूने तेच वाक्य फेकून मारणं मला सुवार्तांमध्ये सापडलं नाही.

भावाचं वाचून डोळे भरून आले.

प्राचीन_नाणी

दोन वर्षांपूर्वी ग्रीसला गेलो होतो, त्याचं थोडं सांगतो, कारण पहिली मंडळी रिकाम्या जागेत उभी राहिली नव्हती.

एपिडौरसला अस्क्लेपियस या आरोग्यदेवाचं मोठं स्थान होतं. रोगी तिथे रात्री झोपायचे, स्वप्नात देव येऊन उपचार करायचा किंवा सांगायचा. बरं झालेल्यांच्या कथा दगडी शिळांवर कोरल्या होत्या, इ.स. पूर्व चौथ्या शतकातल्या. त्यांतल्या सत्तरेक कथा आज वाचता येतात. एक कथा रानजाईंना खास सांगावीशी वाटते. एका माणसाची हाताची बोटं लुळी पडलेली. तो शिळा वाचून हसला, म्हणाला हे सगळं खोटं. रात्री स्वप्नात देवाने त्याची बोटं सरळ केली आणि विचारलं, अजून विश्वास नाही? आता अविश्वास उरला नाही, असं तो म्हणाला. देव म्हणाला, आधी ठेवला नाहीस ना, मग आजपासून तुझं नाव "अविश्वासी". माणूस सकाळी बरा होऊन बाहेर पडला. म्हणजे तिथेही अविश्वासी माणूस बरा झालाच, फक्त नाव पडलं!

दुसरी कथा थासोसच्या एका आंधळ्याची. तो बरा झाला, पण देवाची दक्षिणा दिली नाही, म्हणून देवाने त्याला पुन्हा आंधळं केलं. परत येऊन तिथे झोपला तेव्हा पुन्हा दृष्टी आली.

ही दुसरी कथा डोक्यात ठेवून इरेनियस वाचा. हा लियोंचा बिशप, सुमारे इ.स. १८० मध्ये लिहितो की आमच्यातले काही भुतं काढतात, काही हात ठेवून आजाऱ्यांना बरं करतात, आणि मंडळी यासाठी कुणाकडून पैसा घेत नाही. फुकट मिळालं, फुकट देतो. त्या काळात देवाच्या दारी बरं होणं म्हणजे खर्चाचं काम होतं. जिच्याकडचं होतं नव्हतं ते सारं वैद्यांवर संपलं त्या बाईला फुकट बरं करणारा कुणी भेटणं, ही त्या रस्त्यावरच्या माणसासाठी केवढी मोठी बातमी असेल.

कॉरिंथच्या संग्रहालयात अस्क्लेपियसला वाहिलेले भाजक्या मातीचे हात, पाय, स्तन, कान मांडून ठेवलेत. समोर उभा राहिलो आणि मला वांद्र्याच्या मतमाउलीच्या जत्रेतल्या मेणाच्या हातापायांची आठवण झाली. लहानपणी आईने माझ्या कानासाठी मेणाचा कान वाहिला होता.

वसईचा_वारा

अगदी! आणि मधला दुवाही सापडतो. पाचव्या शतकात सीरियातल्या किर्र्हसचा बिशप थिओडोरेट लिहितो की हुतात्म्यांच्या स्थानांवर बरे झालेले लोक डोळे, पाय, हात यांच्या सोन्याचांदीच्या प्रतिकृती वाहतात. गरीब-श्रीमंत दोघांच्याही वस्तू देव सारख्याच मानून घेतो, असंही तो सांगतो. मातीचा कान, चांदीचा पाय, मेणाचा हात. माणसाला दुखतं तिथेच बोट ठेवून दाखवायचं असतं.

कोस्मास आणि दमियान हे डॉक्टर संत माहीत असतील. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत त्यांना "बिनपैशाचे" हेच बिरुद आहे.

नवीन_सभासद_७

पैशांवरून आठवलं, दिदाखे नावाचं छोटं पुस्तक आहे ना?

प्राचीन_नाणी

हो, बरं झालं काढलंत. पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. त्याचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ब्रिएन्नियोस या ग्रीक बिशपला सापडलं, दहा वर्षांनी छापलं गेलं. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषित-संदेष्ट्यांना कसं ओळखायचं त्याचे नियम त्यात आहेत. एक-दोन दिवस राहिला तर ठीक, तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या नावाने कुणी म्हणाला की मला पैसे द्या, तर त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नका.

आणि "प्रेषितांची परंपरा" म्हणून जे मंडळीच्या नियमांचं जुनं पुस्तक आहे, त्यात म्हटलंय की मला बरं करण्याचं दान मिळालंय असं कुणी सांगत आला तर त्याला दीक्षेचा हात ठेवू नये. खरं असेल तर काम स्वतःच दिसेल. एवढी सावध होती ती मंडळी.

रानजाई

हे दोन्ही नियम मी वहीत उतरवून घेतलेत. आमच्या त्या सभेत दाराशीच दानाची पाकिटं वाटत होते.

ओपीडी_नंतर

मी शल्यचिकित्सक आहे, सांगली जिल्ह्यात काम करतो. ख्रिस्ती नाही. पण एक प्रसंग मला इतका भिडलाय की तो विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, म्हणून इथेही.

पुढे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप झालेल्या ऑगस्टिनच्या "देवाचे नगर" या ग्रंथाच्या बाविसाव्या भागातला आहे. इ.स. ३८८ च्या सुमारास तो इटलीहून आफ्रिकेत परतला आणि कार्थेजला इनोसेन्शियस नावाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी उतरला. यजमानाला भगंदर होता, एकात एक गुंतलेले अनेक मार्ग. शस्त्रक्रिया झाली होती. भुलीचं औषध नाही, हे लक्षात घ्या. ज्याने भगंदराच्या रोग्याला भूल उतरताना पाहिलंय त्याला कळेल भूल नसताना काय होत असेल. सगळे मार्ग उघडले, एक खोलवरचा राहून गेला. घरचा एक वैद्य म्हणाला, हा पुन्हा कापावा लागेल. रोग्याने चिडून त्याला घराबाहेर काढलं. बाकीचे म्हणत राहिले, मलमाने भरेल. भरला नाही. शेवटी अलेक्झांड्रियाहून आलेल्या नावाजलेल्या शल्यवैद्याला दाखवलं. त्याने आधीच्या वैद्यांचं काम पाहून वाखाणलं आणि सांगितलं, इतकी मेहनत त्यांनी केलीय, शेवटचा हातही त्यांनीच फिरवू दे. पण कापावं लागेल, दुसरा उपाय नाही.

आदल्या संध्याकाळी बिशप आणि काही पाळक नेहमीप्रमाणे भेटायला आले. तो रडत म्हणाला, उद्या सकाळी या, माझ्या मरणाला हजर राहा. सगळे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तो मात्र कुणी ढकलल्यासारखा जमिनीवर पडला आणि असा हुंदके देऊन प्रार्थना करू लागला की त्याचं सगळं अंग हलत होतं, शब्द फुटत नव्हता. ऑगस्टिन लिहितो की मला प्रार्थनाच करता येईना, मनात एवढंच म्हटलं, प्रभू, ही प्रार्थना ऐकणार नसशील तर आपल्या लोकांच्या कुठल्या प्रार्थना ऐकतोस?

सकाळ झाली. ती भयंकर हत्यारं बाहेर काढली, पट्ट्या सोडल्या, वैद्य हातात शस्त्र घेऊन बोटांनी तो मार्ग शोधू लागला. सापडेना. जागा घट्ट भरून आलेली होती.

माझ्या शास्त्राप्रमाणे असा मार्ग कधी आपोआप मिटू शकतो. नैसर्गिक की चमत्कार, हा वाद मला इथे घालायचा नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रार्थनेसाठी म्हणून वैद्य त्या घरातून कुणी हाकलले नाहीत. ज्याला हाकललं तोही चूक सांगत होता म्हणून नव्हे, खरं सांगितलं म्हणून, आणि त्याचंच निदान खरं ठरलं. प्रार्थना करणारे आणि कापणारे एकाच खाटेच्या दोन बाजूंना उभे होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री माझे रोगीही असेच भेदरलेले असतात. तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी एक फेरी जास्त मारतो, खुर्ची ओढून बसतो.

तर्कसंगत

डॉक्टर, फार छान लिहिलंत.

ऑगस्टिनबद्दल एक पुरवणी. तोच माणूस इ.स. ३९० च्या सुमारास लिहीत होता की असे चमत्कार आता आमच्या काळात चालू राहू दिलेले नाहीत, नाहीतर माणसं सतत दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागतील. उतारवयात त्याने मत बदललं आणि ते उघडपणे लिहून ठेवलं. हिप्पोत पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या अवशेषांचं स्थान झाल्यावर दोन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात बरं झालेल्यांनी दिलेली जवळजवळ सत्तर लेखी निवेदनं त्याच्याकडे जमा झाली होती. ती मंडळीसमोर वाचून दाखवायची पद्धत त्याने पाडली. मला त्या निवेदनांतलं सगळं पटत नाही, पण लिहून घ्या, नाव घाला, लोकांसमोर वाचा, हा आग्रह मला आवडतो.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत मात्र बहुतेक साक्षी वकिली स्वरूपाच्या आहेत. टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक इ.स. २१२ च्या सुमारास आफ्रिकेचा सुभेदार स्कापुला याला लिहितो की सेव्हेरस बादशहाला प्रोकुलस नावाच्या ख्रिस्ती माणसाने तेल लावून बरं केलं होतं आणि बादशहाने त्याला मरेपर्यंत राजवाड्यात ठेवलं. खरं असेलही. पण तो छळ थांबवा म्हणून अर्ज करतोय, हे विसरून चालणार नाही.

कृपा_पुरे

पण तर्कसंगतदादा, अर्ज सुभेदाराकडे होता. त्याने चौकशी केली असती तर राजवाड्यातली माणसं तेव्हा जिवंत होती. खोटं लिहिणं धोक्याचं नव्हतं का?

तर्कसंगत

मुद्दा बिनतोड नाही, पण वजनदार आहे. मान्य.

प्राचीन_नाणी

मला साथीबद्दल बोलायचं होतं, कारण खरी परीक्षा तिथे झाली. इ.स. २५० च्या आसपास रोमन साम्राज्यात मोठी साथ आली, अनेक वर्षं चालली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिची लक्षणं लिहून ठेवलीत, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. सततची हगवण, घशातल्या जखमा, लाल झालेले डोळे, सडणारे पाय. आणि तो लिहितो की आपल्यातल्या काहींना याचा त्रास होतोय, की हा रोग ख्रिस्ती नसलेल्यांसारखाच आपल्यालाही गाठतो.

म्हणजे भुतं काढणाऱ्या, हात ठेवणाऱ्या त्या मंडळीतही माणसं पटापट मरत होती, आणि बिशप त्यांना अविश्वासी म्हणत नव्हता. सगळ्यांचं शरीर एकच, असंच त्याचं म्हणणं.

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याचं पत्र मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवलंय. आमचे बहुतेक भाऊबंद स्वतःची पर्वा न करता आजाऱ्यांजवळ गेले, त्यांची शुश्रूषा केली, त्यांचा रोग अंगावर ओढून घेतला आणि त्यांच्याबरोबर मेले, असं तो लिहितो. तो आपल्या बाजूचा आहे, शेजाऱ्यांचं वर्णन जरा जास्तच काळं करतो, तेवढं वजा करून वाचावं. तरी आजचे अभ्यासक दाखवतात की तापाच्या साथीत नुसतं पाणी पाजणारं, पेज भरवणारं कुणी असलं तरी बरीच माणसं तगतात. शेजारच्या घरात सगळे पळून गेलेत आणि या घरात आजारी माणूस उठून बसलाय, हे पाहणाऱ्याला चमत्कारच वाटला असेल.

इ.स. २५१ चं एक पत्र रोमच्या बिशप कॉर्नेलियसचं आहे. त्यात मंडळीची मोजदाद आहे. ४६ वडील, ७ सेवक, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळी जिचा सांभाळ करते अशी विधवा व पीडित माणसं १५०० हून जास्त. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

ओपीडी_नंतर

आणि तिथूनच रुग्णालयं निघाली. बिशप बेसिलने कॅपाडोशियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सिझरियाबाहेर इ.स. ३७२ च्या सुमारास आजारी, कुष्ठरोगी आणि निराधारांसाठी जे उभारलं त्याला त्याचा मित्र ग्रेगरी याने नवं नगरच म्हटलं. बेसिल स्वतः सतत आजारी असायचा. संन्याशांसाठीच्या नियमांत त्याने लिहिलंय की वैद्यकी ही देवाचीच देणगी आहे. आमच्या मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय काढलं, तो याच धाग्याचा लांबवर आलेला पदर.

वसईचा_वारा

रानजाईताई, तुमचं "वाचवील" या शब्दाबद्दल काय मत? आमच्या बायबल वर्गात यावर बराच खल झाला होता.

रानजाई

बरं विचारलंत. मूळ ग्रीकमध्ये याकोब जे क्रियापद वापरतो ते "सोझो". बरं करणं आणि तारणं, दोन्हीला तेच. आपल्या मराठीत हे आपोआप आलंय. माणूस दुखण्यातून वाचला म्हणतो, बुडता बुडता वाचला म्हणतो, आणि पापातून वाचला असंही म्हणतो. आईला मी हा शब्द समजावून सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मग मी वाचले नाही असं कुठे आहे?

प्राचीन_नाणी, सिप्रियनचं मला माहीत नव्हतं. आज रात्री तिला वाचून दाखवते. आणि कॅपाडोशियाच्या त्याच सिझरियातल्या भावंडांची गोष्ट ऑगस्टिनकडेच सापडली, पौल आणि पल्लादिया. दोघांचं सगळं अंग थरथरायचं, कंप घेऊन देशोदेशी फिरत ती हिप्पोला पोचली. ईस्टरला भाऊ बरा झाला. पुढे त्याचं निवेदन वाचताना ऑगस्टिनने दोघांना पायऱ्यांवर उभं केलं. भाऊ स्थिर, बहीण शेजारी थरथरत. सगळी मंडळी एकटक बघत होती. निवेदन संपल्यावर ती स्तेफनाच्या स्थानापाशी गेली आणि तीही बरी झाली. पण मला ती गोष्ट वाचताना पुढचं सोडून त्या पायऱ्याच दिसतात. बरा झालेला आणि न झालेली, एकाच पायरीवर, आणि तिला कुणी खाली उतर म्हणत नाही.

वसईदादा, तुम्ही आईची चौकशी केली होती, तिचं सांगते. मनगट जुळलंय, थोडं वाकडं. गेल्या रविवारी उपासनेनंतर मी आमच्या मंडळीच्या एका वडिलांना घरी बोलावलं. निवृत्त शिक्षक आहेत, वय ऐंशीच्या पुढे. बोलावणं पाठवायचं काम आजाऱ्याचं, म्हणून फोन आईलाच लावायला दिला. ते खोबरेल तेलाची लहान बाटली खिशात घेऊन आले. पाचवा अध्याय वाचला, तिच्या कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लावलं, प्रार्थना केली. मोठ्याने नाही, घरात बोलतो तशी. चार वाजले. आईची गोळीची वेळ झाली. मी उठायच्या आत त्यांनीच डबीतून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिचा हात हलत होता म्हणून पाण्याचा पेला ती पिऊन होईपर्यंत धरून बसले.